न थांबता, न धरता

‘चालतंय’ हा शब्द मेश्राम मॅडमसमोर उच्चारायची सोय नव्हती. प्रोग्रॅम लिहून झाला, दोनदा चालवून पाहिला, आता तपासायला द्यावा म्हणून मी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "मॅडम, चालतंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोणी चालवून पाहिलं?"

"मीच."

"म्हणजे स्वयंपाक करणारीनेच चांगला झाला म्हणून सांगितलं. ठेव इथे."

नोकरीतला तो माझा चौथा दिवस. हिंजवडीला तेव्हा मोजक्याच काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, दोन इमारतींच्या मधे चक्क ऊस होता, आणि आम्ही नव्याने भरती झालेली पोरं जगाचा गाडा आपणच ओढतोय अशा थाटात गळ्यात ओळखपत्र घालून हिंडायचो. संध्याकाळी माझं काम परत आलं. सोबत एक कागद. त्यावर तीन रकाने: काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणी पाहिलं. खाली सतरा ओळी. जन्मतारीख म्हणून त्यांनी तीस फेब्रुवारी घातली होती आणि माझ्या प्रोग्रॅमने ती आनंदाने ठेवून घेतली होती. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा सोडली, तरी त्याची तक्रार नव्हती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘कीबोर्डवर डबा ठेवल्यास प्रोग्रॅम बंद पडतो.’

मी तणतणत गेले. "मॅडम, कीबोर्डवर डबा कोण ठेवतं हो?"

"मी ठेवते. तुझा ग्राहक जेवत नाही का?"

शेजारच्या खुर्चीवरचा स्वप्नील खो खो हसला. मी त्या रात्री घरी आईला सांगितलं की ऑफिसात एक भयंकर बाई आहे. पुढे त्याच भयंकर बाईशेजारची बसमधली जागा मिळावी म्हणून मी कोथरूडच्या थांब्यावर दहा मिनिटं आधी जाऊन उभी राहायला लागले, ही गोष्ट आईने मला बरीच वर्षं ऐकवली.

वंदना मेश्राम. आम्ही सगळे पंचविशीच्या आतबाहेर, आणि त्या चाळिशी ओलांडलेल्या. ठेंगण्या, घट्ट वेणी, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट कशासाठी, तर बस चुकू नये म्हणून. बस त्यांची एकदाही चुकली नव्हती, पण बूट होते. मूळच्या भंडाऱ्याकडच्या एका गावातल्या. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर घरातल्या सगळ्या पोरींना शाळेत घातलं. लग्नानंतर त्या पुण्यात आल्या. नवरा टपाल खात्यात. त्या स्वतः टीव्ही बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होत्या. दिवसाला साठ टीव्ही लावायचे, बघायचे, चिठ्ठी चिकटवायची. मग देश खुला झाला, परदेशी टीव्ही आले, आणि तो कारखाना बसला. बरोबरीच्या बायका घरी बसल्या. मॅडमनी संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास लावला. "टीव्ही काय अन् प्रोग्रॅम काय," त्या म्हणायच्या, "बनवणाऱ्याला आपलं बाळ देखणंच वाटतं. तिऱ्हाइताने बघावं लागतं."

त्यांचं मराठी ऑफिसात अगदी पाठ्यपुस्तकातलं असायचं. राग आला किंवा फार आनंद झाला की मात्र त्यातून भंडारा बाहेर यायचा. "काय करून राहिली वं तू?" असं कानावर आलं की आपण काहीतरी फार वाईट किंवा फार चांगलं केलंय, एवढं कळायचं. दोन्हींतलं नेमकं कोणतं, ते पुढच्या वाक्यावरून.

सगळ्यांत जास्त त्या एका प्रश्नासाठी प्रसिद्ध होत्या. तुम्ही काहीही सांगा, ग्राहक खूश आहे, पाऊस थांबलाय, कँटीनमध्ये आज उपमा आहे. त्या विचारणार, "पाहिलंस, की वाटलं?" उपम्यासाठीसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला त्या कधीकधी अति वाटायच्या.

एकदा आमच्या चमूने एक मोठं काम ग्राहकाकडे पाठवलं आणि सहा महिन्यांत त्यात एकही चूक निघाली नाही. कंपनीने समारंभ केला आणि मॅडमना काचेचं मानचिन्ह दिलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी माइक हातात घेतला. "सहा महिन्यांत चूक सापडली नाही. म्हणजे चूक नाही असं नव्हे. तेव्हा हे मी तात्पुरतं घेते." लोकांना वाटलं, विनोद केला. आठव्या महिन्यात एक बारीकशी चूक निघाली, कोणाच्या लक्षातही आली नसती अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मानचिन्ह साहेबांच्या टेबलावर होतं. साहेब बिचारे गोंधळले. परत केलेल्या मानचिन्हाचं काय करायचं याचा नियमच कंपनीत नव्हता. बरेच दिवस ते त्याखाली कागद दाबून ठेवत.

मग आली ती बकेट लिस्ट. एचआरमधली ऋचा म्हणून एक उत्साही मुलगी होती. दर महिन्याला आमचं मनोबल वाढवणं हे तिचं काम. तिने प्रत्येकाला एक पिवळं कार्ड दिलं. आयुष्यात एकदा तरी करायच्या दहा गोष्टी लिहा आणि जिन्याजवळच्या फळ्यावर लावा. दोन दिवसांत फळा भरला. स्वित्झर्लंड, विमानातून उडी, समुद्राच्या तळाशी जाणं, जर्मन गाडी, गिटार, पुन्हा स्वित्झर्लंड.

मेश्राम मॅडम जेवणाच्या सुट्टीत हात मागे बांधून सबंध फळा वाचत उभ्या राहिल्या. मग केसांत खोचलेली पेन्सिल काढून त्यांनी काही ओळींपुढे बारीकसा ‘ख’ लिहायला सुरुवात केली. ऋचा धावत आली.

"मॅडम, ख म्हणजे?"

"खरेदी. पैसे भरले की होतं ते. वाईट नाही, पण ही बाजारहाटाची यादी झाली. गिटारपुढे नाही बघ लिहिलं."

ऋचाचा चेहरा पडला. स्वप्नीलला मात्र हे झोंबलं, कारण समुद्राच्या तळाशी जाण्याचं कार्ड त्याचं होतं. दिवाळीत तो अंदमानला गेला आणि परत येताना फोटो आणि चक्क प्रमाणपत्र घेऊन आला. मजलाभर फिरवून शेवटी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. निळं पाणी, मासे, मधे काळ्या पोशाखातला स्वप्नील अंगठा वर करून. मॅडमनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"तुझ्या पाठीला हा हात कोणाचा?"

"शिकवणाऱ्याचा. तो धरूनच नेतो, मॅडम."

"मग खाली गेलं कोण? तू की तो?"

मजला हसला. स्वप्नील दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम त्याच्यासाठी डबाभर बेसनाच्या पाटोड्या घेऊन आल्या, रस्सा वेगळ्या बाटलीत. "मजा आली ना? मग मजा म्हण. मजा काय लहान गोष्ट आहे? तिला पराक्रम कशाला म्हणतो?" स्वप्नीलने पाटोड्या खाल्ल्या आणि राग सोडला. तो रस्सा खाऊन कोणीही सोडला असता.

त्यांचं स्वतःचं कार्ड फळ्यावर सगळ्यांत शेवटी लागलं. दहा नव्हेच, एकच ओळ होती. ‘तलावाच्या लांबीभर पोहणे. न थांबता, न धरता.’ आणि खाली, आपलं काम आपण तपासायचं नाही या त्यांच्या नेमाप्रमाणे, ‘तपासणारी: मृणाल.’

मृणाल म्हणजे मी. मला विचारलंही नव्हतं.

"मीच का?" मी बसमध्ये विचारलं.

"तू पोहायच्या तलावाजवळ राहते. अन् तुला पोहता येतं."

मला पोहता येत होतंच. कोथरूडच्या पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहण्याच्या क्लासला घालतात, न विचारता. आपल्याला काही येतं असं मला त्याबद्दल कधी वाटलंही नव्हतं. मॅडम खिडकीबाहेर बघत सांगत होत्या. "गावाला मोठा तलाव. आमच्याकडे गाव म्हटलं की तलाव असतोच. पोरं पोहायची. आम्ही पोरी कपडे धुवायचो. त्यात आमच्या वस्तीचा काठ वेगळा, चिखलाचा. गुडघ्यापर्यंतचं पाणी मला पक्कं माहीत आहे. वरचं माहीत नाही." हे सगळं त्यांनी एखादी नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं आणि डब्यातल्या शेंगा माझ्यापुढे केल्या.

त्या जानेवारीत त्यांनी महापालिकेच्या तलावावर बायकांची शनिवार-रविवारची सकाळची बॅच लावली. शिकवायला भोसलेबाई. कमरेवर हात, गळ्यात शिट्टी आणि तोंडात खास पेठेतली जीभ. मेश्राम मॅडम पहिले तीन आठवडे काठाची दांडी धरून उभ्या होत्या. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचे ओठ पांढरे पडायचे. ज्या बाईसमोर अख्खी कंपनी चळाचळा कापायची ती गुलाबी रबरी टोपी घालून कापत उभी आहे, हे बघून मला हसू यायचं आणि लगेच वाईटही वाटायचं.

"मेश्रामबाई," भोसलेबाई ओरडायच्या, "दांडी तुमच्याशिवायही उभी राहते. सोडा!"

एप्रिलपर्यंत सुटली. मग त्या पाय मारायला लागल्या, मग हात, मग दोन्ही एकदम. डौल वगैरे काही नाही. पाण्याशी भांडण काढल्यासारखं पोहायच्या, पण पुढे सरकायच्या. एका शुक्रवारी म्हणाल्या, "रविवारी बघ. फळ्यावरचं कार्ड काढून आण."

रविवारी मी काठावरच्या बाकावर बसले. त्या उथळ टोकाकडून, तलावाच्या लांबीभर ताणलेल्या दोरीच्या कडेने निघाल्या, आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. ऑफिसातून होता. काहीतरी बंद पडलं होतं आणि ते कसं चालू करायचं हे म्हणे मलाच ठाऊक होतं. मी पाठ फिरवून, एका कानात बोट घालून बोलत राहिले. टाळ्या ऐकून वळले तर मॅडम खोल टोकाला दांडी धरून धापा टाकत होत्या आणि बॅचमधल्या साऱ्या बायका टाळ्या पिटत होत्या. मलाही भरून आलं. "झालं, मॅडम! झालं!" म्हणत मी कार्ड काढलं, ‘झाले’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली सही ठोकली.

त्यांनी ओल्या हाताने कार्ड घेतलं. सहीकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि कपडे बदलायला गेल्या.

सोमवारी बसमध्ये त्या पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसल्या. ऑफिसात माझ्या टेबलावर कागद होता. तीन रकाने. काय व्हायला हवं होतं: न थांबता, न धरता. काय झालं: निम्म्यावर दोरी धरली, चार श्वास. कोणी पाहिलं: कोणी नाही.

मी कँटीनमध्ये त्यांना गाठलं. फोन आल्याचं सांगितलं. तिथवर ठीक होतं. पण मी पुढे बोलले, आणि ते बोलायला नको होतं. "आणि मॅडम, तुम्ही पोचलात की! या वयात, एवढ्या भीतीतून. दोरीला थोडा हात लागला तर काय बिघडलं?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बी.एस्सी.ला होते. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलची परीक्षा. मला टायट्रेशन आलं होतं. माहीत आहे ना, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं अन् फिकट गुलाबी झालं की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गडद होतं, गेलं. माझी तीन वाचनं तंतोतंत सारखी आली. तीन! सबंध वर्गात कोणाची आली नव्हती. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या टेबलाशी आले. हातातल्या यादीत माझं आडनाव बघितलं. शंकुपात्राकडे बघितलंच नाही. ‘ठीक आहे, तुम्हाला पास व्हायला एवढं पुरे,’ म्हणाले अन् पुढे गेले."

त्यांनी काहीतरी धरल्यासारखा हात समोर धरला.

"मी ते गुलाबी पाणी हातात धरून उभी. नापास करणारे लोकही भेटले मला, मृणाल. त्यांच्याशी भांडता येतं. न बघता पास करणाऱ्याशी कसं भांडायचं? तो तर चांगुलपणाच करून राहिला ना!" त्या उठल्या. "मला वाटलं होतं, तू बघशील."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी आडनाव बघितलं नव्हतं, हे खरं. पण वय बघितलं होतं, भीती बघितली होती, गुलाबी टोपी बघितली होती, आणि तेवढ्यावर मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की यांना एवढं पुरे.

त्या दिवसापासून त्या मला ‘आपण’ म्हणायला लागल्या. "आपलं काम तपासून झालं आहे. आपण बघून घ्यावं." पुण्यात जन्म काढलेल्या मला या ‘आपण’चा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता. बसमध्ये शेजारची जागा गेली, शेंगा गेल्या. तलावावर त्या जातच होत्या, हे मला भोसलेबाईंकडून भाजीच्या दुकानात कळायचं. "येतात. निम्म्यावर दोरी धरतात. परत मागे जातात. मी म्हटलं, अहो आलात तेवढ्या पुढेच जा की. तर म्हणतात, ते मोजत नाही."

पाऊसकाळ गेला. ऑक्टोबरात टपाल खात्यातल्या मेश्राम साहेबांना, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याला, बढती मिळाली आणि नागपूरला बदली झाली. मॅडमनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ केला तर येणार नाही, असं ऋचाला बजावलं. शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. साडीखाली तेच बूट.

"उद्या माझी शेवटची बॅच आहे. येते का तू?"

‘तू’ ऐकून मला रडूच फुटणार होतं. मी मान हलवली.

शनिवारी सकाळी मी फोन घरी ठेवून गेले. बाकावर बसले नाही. काठावर, खोल टोकाच्या अलीकडे उभी राहिले. तलावात आठदहा बायका होत्या. मॅडम उथळ टोकाला उतरल्या, टोपी कानांवर ओढली आणि निघाल्या. मी त्यांच्याबरोबर काठाने चालत राहिले. निम्मं अंतर गेलं. दोरीला हात नाही. पाऊण अंतर गेलं. आणि टोक तीन हातांवर आलं असताना त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, डावा हात बाजूला गेला आणि दोरीवर पडला. क्षणभरच. लगेच सोडली आणि पुढचे तीन हात मारून त्या दांडीला लागल्या.

एक-दोघींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पाणी निथळत मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

जिभेवर ‘झालं’च होतं. उद्या त्यांची गाडी होती. पुन्हा कुठला तलाव आणि कुठली बॅच. दोरीवर हात पडला होता तो क्षणभर, आणि पाहिला होता फक्त मी.

"नाही," मी म्हणाले. "दोरी धरलीत. डाव्या हाताने."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत, मानचिन्हाच्या दिवशीसुद्धा, त्या तशा हसल्या नव्हत्या.

"किती राहिलं होतं?"

"तीन हात."

"थांब इथेच. हलू नको." त्या शिडी चढून बाहेर आल्या आणि ओल्या पावलांनी भराभरा चालत उथळ टोकाला गेल्या. वेळ संपायला पाचच मिनिटं होती. दमही पुरता घेतला नव्हता, तोवर पुन्हा पाण्यात.

या खेपेला त्या फारच हळू येत होत्या. निम्म्यावर आल्या आणि भोसलेबाईंची शिट्टी वाजली. "चला, बाहेर या सगळ्यांनी! वेळ झाली!" बाकीच्या बायका शिडीकडे गेल्या. मॅडम येतच राहिल्या. "मेश्रामबाई! तलाव महापालिकेचा आहे, माहेर नाही तुमचं!" मी हात वर करून भोसलेबाईंना थांबवलं. काय चाललंय ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि त्याही काठाकाठाने चालायला लागल्या. रिकाम्या तलावात आता फक्त त्यांचे हात वाजत होते, धप, धप, एकेक. पाच हात राहिले. चार. जिथे मघाशी पाणी गेलं होतं तिथे त्या पुन्हा खोकल्या, मान पाण्याखाली गेली. डावा हात बाजूला गेला, दोरीच्या वर आला, आणि पुढे पडला. पाण्यात. मग उजवा. मग परत डावा, आणि दांडी.

दांडीला लटकून त्या धापा टाकत होत्या. टोपी निसटून एका कानावर आली होती. त्यांनी मान वर केली. भोसलेबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी डोळे पुसत मी नुसती उभी.

"बोल ना वं बाई," मेश्राम मॅडम खालून म्हणाल्या, "थंडी वाजून राहिली मला."

"झालं," मी म्हणाले.